कर्नलमध्ये हार्डवेअर ड्रायव्हर पाठवण्याआधी खुल्या युजरस्पेसची तयारी कशी करावी

ग्राफिक्स प्रोसेसर, न्यूरल प्रोसेसर किंवा तत्सम गणन-चिपचा ड्रायव्हर मुख्य लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, समाविष्ट करून घ्यायचा असेल, तर कर्नलमधला कोड खुला (कोणालाही स्रोत वाचता येईल असा) असून भागत नाही. त्या ड्रायव्हरशी थेट बोलणारे युजरस्पेसमधले, म्हणजे कर्नलच्या बाहेर साध्या प्रोग्रॅमसारखे चालणारे, सॉफ्टवेअरही खुले असावे लागते, आणि तेही नावापुरते नव्हे. डीआरएम या ग्राफिक्स उपप्रणालीच्या दस्तऐवजात ही अट स्वतंत्र प्रकरणात लिहून ठेवलेली आहे. तरीही अनेक टीम ती अगदी शेवटी, पॅच (कोडमधले प्रस्तावित बदल) पाठवून झाल्यावर वाचतात, आणि मग तयार झालेले काम अडकून पडते. ही वेळ येऊ नये म्हणून काम कोणत्या क्रमाने हाती घ्यावे, ते येथे मांडले आहे.

आधी अटीमागचे कारण नीट समजून घ्यावे, कारण ते कळले की पुढच्या बहुतेक अपेक्षा आपोआप सुचू लागतात. नेटवर्क कार्डाच्या बाबतीत प्रोग्रॅमला कार्ड कोणते आहे हे ठाऊकही नसते; तो सॉकेट उघडतो आणि बाकीचे कर्नल पाहतो. ग्राफिक्स प्रोसेसरचे तसे नाही. तेथे कर्नलमधला भाग मेमरी वाटून देणे, कामे रांगेत लावणे आणि चिप अडकली तर ती पुन्हा सुरू करणे एवढ्यापुरता असतो. शेडर (चिपवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल करणे, हार्डवेअरला कळतील अशा आज्ञांचा बफर रचणे हे खरे बुद्धीचे काम मेसासारख्या युजरस्पेस लायब्ररीत होते, आणि कर्नलच्या हाती बहुधा त्या बफरचा पत्ता आणि लांबी तेवढी येते. त्यामुळे ज्याने फक्त कर्नलचा पॅच वाचला, त्याने संभाषणाची एकच बाजू ऐकलेली असते. हा इंटरफेस पुरेसा आहे का, त्यातले एखादे क्षेत्र खरोखर लागते का, एका प्रक्रियेने रचलेल्या आज्ञा दुसऱ्या प्रक्रियेच्या मेमरीपर्यंत पोहोचू शकतात का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याला देता येत नाही.

दुसरे कारण अधिक दूरवर जाते. जुन्या कर्नलवर चालणारा प्रोग्रॅम नव्या कर्नलवरही चालला पाहिजे, हे लिनक्सचे वचन आहे. समजा, एखादा ड्रायव्हर पूर्ण झालेल्या कामांची सूचना नेमक्या दिलेल्या क्रमानेच देतो. तसे कोणी ठरवलेले नाही, कोड तसा लिहिला गेला एवढेच. बंद लायब्ररी नकळत त्या क्रमावर विसंबून राहते. चार वर्षांनी कोणी शेड्यूलर सुधारतो, क्रम बदलतो आणि लोकांचे पडदे काळे होतात. लायब्ररीचा स्रोत समोर असता, तर चूक कोणत्या ओळीत आहे ते पाहून दुरुस्त करता आले असते. स्रोत नसेल, तर मेंटेनरपुढे, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्यापुढे, दोनच मार्ग उरतात: सुधारणा मागे घ्यायची किंवा दिलेले वचन मोडायचे. म्हणूनच डीआरएमचे दस्तऐवज स्पष्ट सांगतात की न मोडण्याची हमी व्यवहारात खुल्या युजरस्पेसपुरतीच पाळता येते. बंद ड्रायव्हरने तोच इंटरफेस वापरण्यास कोणाची हरकत नाही. मात्र खुला ड्रायव्हर तो जसा वापरतो, तसाच वापरला पाहिजे.

ही भूमिका एका दिवसात बनलेली नाही. डीआरएमचे मेंटेनर डेव्ह एअरली यांनी 2010 मध्येच खुला कर्नल ड्रायव्हर आणि बंद युजरस्पेस अशी जोडी स्वीकारण्यास नकार दिला होता. पुढे गणन-चिपांचा काळ आला, तेव्हा हाबाना लॅब्स या चिप-कंपनीचा ड्रायव्हर 2019 मध्ये ग्राफिक्स उपप्रणालीला वळसा घालून ‘मिस्क’ (संकीर्ण) विभागातून 5.1 या आवृत्तीत आला आणि त्यावरून बराच वाद झाला. तिच्या कंपायलरचा स्रोत 2021 मध्ये खुला झाल्यावर तो वाद निवळू लागला, आणि 2023 च्या सुरुवातीला 6.2 या आवृत्तीत अशा चिपांसाठी ‘ॲक्सेल’ ही उपप्रणाली डीआरएमच्या छत्राखालीच उभी राहिली. क्वालकॉमच्या क्लाउड एआय 100 या कार्डाचा ड्रायव्हर 2020 मध्ये प्रथम पाठवला गेला होता. तो 2023 मध्ये 6.4 या आवृत्तीत, याच ॲक्सेलमध्ये दाखल झाला. एन्व्हिडियाने मे 2022 मध्ये आपली कर्नल मॉड्यूल खुली केली. ती मुख्य कर्नलच्या बाहेरच राहिली आहेत आणि त्यांच्या वरची युजरस्पेस बंदच आहे. कर्नल मॉड्यूल खुले होणे ही निम्मी वाट आहे, हे या उदाहरणावरून चांगले कळते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिला प्रश्न असा विचारावा की नव्या इंटरफेसची खरोखर गरज आहे का. हार्डवेअर केवळ पडद्यावर चित्र दाखवणारे असेल आणि डीआरएमचा प्रमाणित मोडसेटिंग (पडद्याचे रिझोल्यूशन वगैरे ठरवणारा) इंटरफेस त्याला पुरत असेल, तर तो इंटरफेस वापरणारे खुले सॉफ्टवेअर आधीपासून आहेच, आणि वेगळी युजरस्पेस लिहिण्याचा प्रश्न येत नाही. माझ्या मते, ज्याला हे शक्य आहे त्याने स्वतःची खास प्रॉपर्टी (सेटिंग) किंवा आयऑक्टल (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला करायची विनंती) जोडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

नवा इंटरफेस अटळच असेल, तर युजरस्पेसचा कोड कोणत्या प्रकल्पात जाणार हे सर्वांत आधी ठरवावे. त्रिमितीय चित्रणासाठी ते ठिकाण मेसा हे आहे. पडद्याशी संबंधित सोयीसाठी वेस्टन, केविन किंवा मटर यांसारखा प्रत्यक्ष वापरातला कंपोझिटर (खिडक्या एकत्र करून पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम) घ्यावा. न्यूरल प्रोसेसरसाठी मेसामध्येच टेफ्लॉन हा टेन्सरफ्लो लाइट या मशीन लर्निंग लायब्ररीला जोडणारा भाग 2024 पासून उपलब्ध आहे, तो आधी तपासून पाहावा. ग्राफिक्सबाहेर, आरडीएमएच्या (एका संगणकाने दुसऱ्याच्या मेमरीत थेट वाचण्या-लिहिण्याच्या) जगात, हेच स्थान आरडीएमए-कोअरचे आहे. कंपनीने स्वतःकडे ठेवलेली मेसाची वेगळी प्रत चालत नाही. पॅच मूळ प्रकल्पावरच बसला पाहिजे आणि त्या प्रकल्पाच्या लोकांनी तो तपासलेला असला पाहिजे. त्यांचे परीक्षण कर्नलच्या परीक्षणाइतकेच वेळ घेते, म्हणून दोन्हींकडे एकाच सुमारास जावे.

खेळणे म्हणून लिहिलेला चाचणी-प्रोग्रॅम येथे उपयोगी पडत नाही, आणि या मुद्द्यावर सर्वाधिक गैरसमज होतात. एक त्रिकोण काढून दाखवणारा नमुना इंटरफेसचा सुरळीत मार्ग दाखवतो, पण इंटरफेसची खरी परीक्षा गोष्टी बिघडल्यावर होते. मेमरी संपली तर लायब्ररी काय करते? सिग्नलमुळे आयऑक्टल अर्धवट सुटला तर तो पुन्हा करते का? लिबडीआरएम या डीआरएमच्या युजरस्पेस लायब्ररीतले नेहमीचे फंक्शन ‘ईइंटर’ (व्यत्यय आला) आणि ‘ईअगेन’ (पुन्हा करा) या त्रुटींवर आपोआप पुन्हा प्रयत्न करते. त्यामुळे ड्रायव्हरमधला प्रत्येक आयऑक्टल तसाच्या तसा पुन्हा करता आला पाहिजे. चिप अडकून पुन्हा सुरू झाली, तर दोष कोणाच्या कामाचा होता हे प्रोग्रॅमला कसे कळते? या प्रश्नांची उत्तरे युजरस्पेसच्या कोडमध्ये दिसली पाहिजेत.

गणन-चिपांच्या बाबतीत कंपायलरचा प्रश्न टाळता येत नाही. रनटाइम लायब्ररी खुली आहे, पण चिपवर चालणारा बायनरी बंद कंपायलरमधून येतो, अशी रचना असेल, तर आज्ञांचा अर्थ पुन्हा झाकलेलाच राहतो. सगळी मॉडेल्स वेगाने चालवणारा संपूर्ण कंपायलर खुला करण्याची अपेक्षा सहसा नसते; चिपच्या आज्ञासंचाचा अर्थ लावता येईल आणि खरे काम रचून पाठवता येईल, इतका तरी तो असावा. फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आतच चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, बाब मात्र वेगळी आहे. ते बंद असले तरी, वाटपाची परवानगी देणाऱ्या परवान्यासह लिनक्स-फर्मवेअरच्या संग्रहात ठेवता येते.

इंटरफेसची रचना करताना एक उदाहरण जवळून पाहावे. समजा, आयऑक्टलच्या संरचनेत 32 बिटांचे हँडल, 32 बिटांचे फ्लॅग, 64 बिटांचा पत्ता आणि शेवटी 32 बिटांची लांबी आहे. बेरीज 20 बाइट होते. 32-बिट एक्स86 वर ही संरचना 20 बाइटचीच राहते, पण 64-बिट प्रोग्रॅममध्ये कंपायलर शेवटी 4 बाइट भरून ती 24 करतो, आणि 64-बिट कर्नलवर 32-बिट प्रोग्रॅम चालवला की दोघांची मापे जुळत नाहीत. उपाय सोपा आहे: शेवटी 32 बिटांचे ‘पॅड’ क्षेत्र स्वतःच लिहावे. एवढ्यावर मात्र थांबू नये. पॅड शून्य नसेल किंवा फ्लॅगमध्ये अनोळखी बिट असेल, तर कर्नलने ‘ईइन्व्हॅल’ (अवैध मूल्य) ही त्रुटी परत करून विनंती नाकारली पाहिजे. ही तपासणी राहिली आणि लायब्ररीने संरचना शून्याने न भरताच पाठवली, तर स्टॅकवरचा कचरा पॅडमध्ये जातो आणि सगळे ठीक चालल्यासारखे दिसते. पुढे त्या क्षेत्राला अर्थ देण्याची वेळ आली, की जुने प्रोग्रॅम तेथे वाटेल ते पाठवत असल्याचे उघड होते आणि ते क्षेत्र कायमचे वाया जाते. लायब्ररीचा स्रोत समोर असेल, तर परीक्षकाला ती संरचना कोठे भरली जाते ते एका मिनिटात पाहता येते. पॉइंटरही नेहमी 64 बिटांच्या क्षेत्रात ठेवावेत. नवे क्षेत्र लागलेच तर ते शेवटी जोडावे, कारण आखूड संरचना आली तर डीआरएमचा गाभा उरलेली जागा शून्यांनी भरून घेतो.

चाचण्यांसाठी आयजीटी हा संच आहे. मोडसेटिंगची नवी प्रॉपर्टी जोडताना शक्य तेथे त्यात चाचणी असणे अपेक्षित असते. चुकीची मूल्ये पाठवून कर्नल ती नाकारतो का, हे तपासणाऱ्या चाचण्या आवर्जून लिहाव्यात.

कंपनीत काम करणाऱ्यांनी परवान्याची बोलणी पहिल्याच महिन्यात सुरू करावीत, असे मी आग्रहाने सांगेन. मेसाचा बहुतांश कोड एमआयटी परवान्याखाली आहे, तर कर्नलचा जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली. कायदा विभागाला या दोहोंतला फरक समजावून सांगून लेखी संमती मिळवणे हे कोड लिहिण्याइतकेच खरे काम आहे, आणि ते शेवटी ठेवले की वेळापत्रक तेथेच कोसळते. संपूर्ण युजरस्पेस खुली करणे जमणारच नसेल, तर ड्रायव्हरची व्याप्ती कमी करावी: जेवढ्या क्षमतांना खुला वापरकर्ता आहे, तेवढ्याच क्षमतांचे आयऑक्टल पाठवावेत आणि बाकीचे पॅचमधून काढून टाकावेत. वापरकर्ता नसलेला आयऑक्टल ‘पुढे लागेल’ म्हणून आत ठेवला, तर परीक्षणात सर्वांत आधी बोट त्यावरच ठेवले जाते.

पॅच पाठवताना कव्हर लेटरमध्ये मेसाच्या मर्ज विनंतीचा (बदल प्रकल्पात सामील करण्याच्या विनंतीचा) दुवा द्यावा आणि मर्ज विनंतीत कर्नल पॅचचा, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचता येतात. विलीनीकरणाचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा करू नये. युजरस्पेसचे परीक्षण पूर्ण होऊन ती विलीन होण्यास तयार असली पाहिजे, पण प्रत्यक्षात आधी कर्नलचा पॅच डीआरएम-नेक्स्ट किंवा डीआरएम-मिस्क-नेक्स्ट या पुढच्या आवृत्तीसाठीच्या शाखेत जातो. इंटरफेसची व्याख्या नेहमी कर्नलकडून येते. युजरस्पेस आधी गेली आणि कर्नलच्या परीक्षणात एखादा क्रमांक बदलला, तर दोन हेडर फाइलींमध्ये दोन वेगळ्या व्याख्या उरतात. म्हणून कर्नलचा पॅच दाखल झाला, की कोडच्या त्याच शाखेतून ‘मेक हेडर्स इन्स्टॉल’ ही आज्ञा चालवून हेडर तयार करावा, तो मेसाच्या ‘डीआरएम-यूएपीआय’ फोल्डरमध्ये ठेवावा, कोणत्या कमिटवरून घेतला ते संदेशात नोंदवावे, आणि मगच मर्ज विनंतीवरचा ‘मसुदा’ हा शिक्का काढावा.