चामड्याचं पहिलं चष्म्याचं घर कसं शिवायचं

चामडेकामाची हौस लागली की बरेच जण थेट पाकीट नाहीतर बॅग करायला घेतात आणि पंधरा दिवसांत सगळं सामान माळ्यावर जातं. माझं ऐका, आधी चष्म्याचं घर करा. एक तुकडा, एक घडी आणि दोनच बाजूंना शिलाई. पण पुढे लागणारं सगळं यात येतं: कापणं, भोकं पाडणं, टाका, कड.

चामडं घेताना दुकानात दोन गोष्टी बघा. एक म्हणजे कापलेली कड. ती आतून निळसर-करडी असेल तर ते क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, तपकिरी असेल तर बहुधा झाडाच्या सालीनं कमावलेलं. दुसरं, मागच्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाका. सालीचं चामडं तो पिऊन तिथे गडद होतं आणि वाळलं की परत पहिल्यासारखं दिसतं. शिकायला हेच घ्या, कारण ते ओलं करून वळवता येतं आणि त्याची कड घासून चमकते. क्रोमचं मऊ असतं, पण त्याची कड तशी बसत नाही. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांचा तरवड असतो ना, त्याची साल आणि बाभळीची साल ही कातडं कमावायची जुनी सामग्री. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट धरतं, म्हणून ते कुजत नाही. जाडी दीड मिलिमीटर पुरे. अस्तर लावायचं असेल तर शेळीचं पातळ चामडं घ्या. ते पातळ असूनही चिवट असतं.

चामडं कापण्याआधी घर कागदाचं करा. लग्नपत्रिकेचा जाड कागद याला फार छान. तुमचा चष्मा त्यात गुंडाळून बघा. साधारण 17 सेंटिमीटर उंच आणि 18 सेंटिमीटर रुंद तुकडा उभा दुमडला की नेहमीचा चष्मा बसतो, पण फ्रेम मोठी असेल तर माप वाढवा. कागदात अडकतोय तो चामड्यातही अडकणारच.

आता धार. हौशी माणसाचे निम्मे तुकडे बोथट पात्यानं वाया जातात. काचेच्या तुकड्यावर 1000 नंबरचा पॉलिश पेपर ओला करून ठेवा, रापी, म्हणजे चामडं कापायचं रुंद पात्याचं हत्यार, त्यावर एकाच कोनात मागे ओढा, मग 2000 नंबरवर तसंच करा. शेवटी चामड्याच्या टाकाऊ पट्टीवर पाच-सहा वेळा फिरवा. धार लागली की रापी चामड्यात आपोआप शिरते, ढकलावी लागत नाही. रापी नसेल तर नव्या पात्याचं कटरही चालेल. स्टीलची पट्टी दाबून धरा, एका जोरात कापू नका, हलक्या हातानं तीन-चार वेळा फिरवा. आणि पट्टीवरची बोटं पात्याच्या वाटेत येऊ देऊ नका.

तुकडा दुमडून शिवायच्या दोन कडांना, म्हणजे उघडी उभी बाजू आणि तळ, आतून सोल्युशन (चामडं चिकटवायचा डिंक) लावा. दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. नंतर मुलांच्या कंपास पेटीतला डिव्हायडर घ्या, टोकं चार मिलिमीटरवर ठेवा. एक टोक कडेवरून फिरवलं की दुसरं शिलाईची रेघ ओढतं. त्याच मापानं रेघेवर भोकांच्या खुणा करा. कडुलिंबाच्या लाकडाचा ठोकळा खाली ठेवा आणि आरी, म्हणजे भोकं पाडायचा मुठीचा टोच्या, सरळ उभी धरून टोचा, तिरकी गेली तर मागची रांग वाकडी दिसते.

इथे एक फरक सांगते. आमच्या लातूरच्या गंजगोलाईजवळच्या गटई स्टॉलवर, म्हणजे चपला-बूट शिवायच्या टपरीवर, बसून मी आरी धरायला शिकले, पण तिथल्या मामांच्या आरीला टोकाशी खाच असते, ती खालून दोरा ओढून घेते. आपल्याला बिनखाचेची आरी लागेल, कारण आपण दोन सुयांनी शिवणार. शिलाई 26 सेंटिमीटरची (उभी बाजू 17, तळ 9), तर दोरा तिच्या चौपट आणि वर थोडा, म्हणजे 120 सेंटिमीटर. दोऱ्यावर मेण चोळा, दोन्ही टोकांना बोथट सुई ओवा. पहिल्या भोकातून दोरा निम्मा ओढून घ्या. मग प्रत्येक भोकात आधी डावी सुई, तिच्या मागून उजवी, आणि हा क्रम कधी बदलू नका. क्रम बदलला की टाके वाकडे पडतात. दोन्ही हातांनी सारखं ओढा. एक दोरा पुढेमागे तुटला तरी दुसरा धरून राहतो, म्हणून ही शिलाई सहजासहजी उसवत नाही. शेवटी तीन भोकं उलट या आणि दोरा कापा.

मामा म्हणायचे, "घाई नका करू, हात बसू द्या." पहिले दहा टाके वाईट दिसले तर उसवा आणि परत घाला, दोरा स्वस्त आहे.

कड 220 आणि मग 400 च्या पॉलिश पेपरनं घासा, बाभळीचा डिंक पाण्यात पातळ करून बोटानं लावा आणि जाड सुती कापडानं जोरात घासत राहा, चकाकी येईपर्यंत.

मग घर स्पंजनं ओलसर करा, चष्मा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत सरकवा आणि बोटांनी आकार द्या. ओलं चामडं लोखंडावर ठेवू नका. माझं पहिलं घर मी पत्र्याच्या डब्यावर वाळत टाकलं आणि त्यावर काळे डाग पडले, कारण लोह आणि टॅनिन मिळून काळा रंग होतो. ताज्या डागावर लिंबू चोळलं तर तो फिका होतो. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तर अजिबात वाळवू नका, चामडं ताठ होऊन चिरतं. घरात सावलीत, रात्रभर.

दुसऱ्या दिवशी एरंडेलाचे दोन थेंब कापडावर घेऊन पुसा, जास्त नको. करडईचं तेल घरात असलं तरी वापरू नका, ते हवेत सुकून चिकट होतं. पूर्वी विहिरीतून पाणी काढायच्या मोटेच्या चामड्याला पाणी लागू नये म्हणून हेच तेल आटवून लावत, ते काम वेगळं. पावसाळ्यात घर सुती कापडात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. चष्मा सुरुवातीला घट्ट जाईल. आठवडाभरात चामडं त्याच्या आकाराचं होतं.