हिवाळ्यात घर विकताना: आधी ऊब, मग ओल, मग उजेड

हिवाळ्यात घर बघायला येणारे कमी असतात, पण एवढ्या गारठ्यात बाहेर पडलेला माणूस सहसा सहज चक्कर टाकायला आलेला नसतो. बदली, संपत आलेला भाडेकरार, आधीच विकलेले जुने घर अशी काहीतरी निकड त्याच्या मागे असते. दारातून आत आल्यावर त्याला आधी अंगालाच कळते की घर उबदार आहे की गार, कोरडे आहे की ओलसर. उन्हाळ्यात झाकले जाणारे दोष थंडीत उघडे पडतात. त्यामुळे सजावटीआधी वेळ आणि पैसा त्यांच्यावर घाला, आणि त्यासाठी जाहिरातीआधी सहा आठवडे तरी हाताशी ठेवा.

१. घर गरम करणारी यंत्रणा

बॉयलर (घर गरम ठेवण्यासाठी पाणी तापवणारे यंत्र) किंवा हीटरची सर्व्हिसिंग सर्वांत आधी करून घ्या. कडाक्याची थंडी पडली की तंत्रज्ञ मिळत नाहीत. गरम हवेची यंत्रणा असेल तर फिल्टर बदला. तो धुळीने भरला की हवा अडते आणि लांबच्या खोल्या गार राहतात.

रेडिएटर, म्हणजे बॉयलरचे गरम पाणी ज्यातून फिरते तो भिंतीवरचा धातूचा पट्टा, खाली गरम आणि वर गार लागत असेल, तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून तो निवू द्या. वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या झडपेखाली फडके धरा आणि किल्लीने ती पाव ते अर्धा फेरा सैल करा. फुस्स आवाज करत हवा निघेल; पाण्याची सलग धार लागली की लगेच घट्ट करा. मग बॉयलरचा दाब बघा. तेच पाणी बंद नळ्यांत फिरत राहते अशा घरगुती यंत्रणेत पाणी गार असताना तो साधारण 1 ते 1.5 बार हवा. हवा काढली की दाब उतरतो, आणि फार उतरला तर बॉयलर सुरूच होत नाही. म्हणून हे काम ग्राहक येण्याच्या दिवशी करू नका. उलट वर गरम आणि खाली गार असेल तर तळाशी गाळ बसला आहे. तो धुऊन काढण्याचे काम तंत्रज्ञाचेच.

ग्राहक येणार त्या दिवशी घर 20 ते 21 अंश सेल्सिअसवर ठेवा आणि हीटिंग दोन-तीन तास आधी सुरू करा. ऐन वेळी तापवले तर हवा गरम होते, भिंती गारच राहतात, आणि भिंतीजवळ उभ्या राहिलेल्या माणसाला ते जाणवते.

२. वाऱ्याच्या फटी

वारा असलेल्या दिवशी पेटती उदबत्ती खिडक्या-दारांच्या चौकटीलगत हळूहळू फिरवा. पडदे आधी बाजूला करा. धूर जिथे आडवा पळतो तिथे फट आहे. फटीच्या जाडीएवढीच, फट बुजवायची पट्टी घ्या. जाड पट्टीने खिडकी नीट लागत नाही, आणि खिडकी उघडून-लावून बघणे हे ग्राहकाचे ठरलेले काम असते. गॅसच्या उपकरणांसाठी ठेवलेले हवेचे झरोके मात्र कधीही बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू साठून जीव जाऊ शकतो. त्याचा अलार्म नसेल तर आताच बसवा.

३. ओल

विक्री मोडण्याचे हे सर्वांत मोठे कारण ठरू शकते, म्हणून इथे घाई नको. आधी ओल कुठली ते ओळखा. काचेवर पाणी, बाहेरच्या भिंतींच्या कोपऱ्यांत आणि कपाटांमागे काळे ठिपके असतील, तर बहुधा घरातलीच वाफ गार पृष्ठभागावर जमते आहे. तपकिरी कडेचा डाग पावसानंतर किंवा बर्फ वितळल्यावर वाढत असेल, तर बाहेरून गळती आहे. ती बंद केल्याशिवाय आतल्या कोणत्याही कामाला अर्थ नाही.

वाफेची ओल असेल तर अंघोळीनंतर 20 मिनिटे हवा बाहेर टाकणारा पंखा चालू ठेवा, कपडे घरात वाळत घालणे थांबवा आणि कपाटे बाहेरच्या भिंतीपासून 5 ते 10 सेंटिमीटर पुढे ओढा. स्वस्तातला आर्द्रतामापक 40 ते 50 टक्के दाखवत असेल तर ठीक. खूपच गारठा असेल तर आकडा आणखी खाली हवा.

बुरशीवर थेट रंग मारू नका. ती काही आठवड्यांत रंगातून पुन्हा वर येते, आणि एकाच कोपऱ्यातला ताजा रंग बघून ग्राहकाला लगेच शंका येते. बुरशीनाशकाने पुसा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच रंगवा. भिंत सुमारे 10 अंशांपेक्षा गार असेल तर बहुतेक इमल्शन रंगांचा थर नीट धरत नाही. पुढे त्याला भेगा पडतात. दुहेरी काचेच्या आत धुके दिसत असेल तर तिचे सील गेले आहे. बहुतेक वेळा फक्त काचेचा संच बदलला तरी भागते, सगळी खिडकी काढावी लागत नाही.

४. उजेड आणि फोटो

ग्राहकांना सकाळी 11 ते दुपारी 2 च्या दरम्यान बोलवा. काचा दोन्ही बाजूंनी पुसा. हिवाळ्यातले ऊन तिरपे येते आणि काचेवरचा प्रत्येक ओघळ दाखवते. एका खोलीत पिवळे आणि पांढरे दिवे मिसळू नका. बैठकीत आणि झोपायच्या खोल्यांत 2700 ते 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे दिवे लावा. जुन्या 60 वॉटच्या बल्बएवढा उजेड हवा असेल तर सुमारे 800 ल्युमेनचा एलईडी घ्या.

जाहिरातीचे फोटो आताचेच द्या, पण बागेचे हिरवेगार जुने फोटो जोडून खाली महिना लिहा. पहिल्या फोटोत बर्फ असेल तर तो वितळल्यावर फोटो बदला. नाहीतर घर कित्येक महिने पडून आहे असे वाटते, आणि मग भाव पाडून मागितला जातो.

५. वाट आणि छप्पर

फाटकापासून दारापर्यंत किमान एक मीटर रुंद वाट मोकळी ठेवा. बर्फ वितळवायला साधे मीठ उणे 9 अंशांच्या आसपासपर्यंतच नीट काम करते; त्याखाली कॅल्शियम क्लोराइड लागते, नाहीतर पकडीसाठी वाळू टाका. नव्या काँक्रीटवर मीठ नको, पापुद्रे सुटतात. दारात मोठे पायपुसणे आणि बूट काढायला एक खुर्ची ठेवा.

छपरावरचा बर्फ एकाच पट्ट्यात लवकर वितळत असेल आणि कडेला जाड सुळके लोंबत असतील, तर माळ्यातून उष्णता निसटते आहे. सुळके तोडून प्रश्न मिटत नाही. माळ्यावर इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, टाकावे लागते.

६. कागद आणि किंमत

थंडीत काही गोष्टी तपासताच येत नाहीत. बाहेर 15 अंशांपेक्षा कमी असताना साधा एसी थंडाव्यासाठी चालवला तर कॉम्प्रेसरला धोका असतो, आणि बर्फाखालचे छप्पर दिसत नाही. म्हणून एसीच्या शेवटच्या सर्व्हिसिंगची पावती आणि छपराचे बर्फाआधीचे फोटो तयार ठेवा. सोबत मागच्या 12 महिन्यांची वीज-गॅसची बिले द्या. माहीत असलेले दोष लेखी सांगा.

किंमत ठरवताना उन्हाळ्यात लोकांनी मागितलेले आकडे धरू नका. गेल्या तीन ते सहा महिन्यांत आसपासची घरे प्रत्यक्षात कितीला गेली ते बघा. तीन-चार आठवड्यांत बघायलाच कोणी येत नसेल तर किंमत चुकली आहे. येतात पण पुढे बोलत नाहीत, तर दोष घरात आहे. पुन्हा ओल आणि ऊब तपासा.

७. घर रिकामे असेल तर

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पाइप फुटतो, बहुतेकदा बर्फ असतो तिथे नाही, तर त्याच्या आणि नळाच्या मध्ये. घर 12 ते 13 अंशांखाली जाऊ देऊ नका आणि बाहेरच्या भिंतीवरच्या सिंकखालची कपाटे उघडी ठेवा. जास्त दिवस बंद राहणार असेल तर मुख्य झडप बंद करून सगळे नळ उघडा आणि पाणी उतरवून टाका. विम्याचा कागदही वाचा: बऱ्याच पॉलिसींत ठरावीक दिवसांपेक्षा जास्त रिकाम्या घराला संरक्षण कमी होते किंवा मिळतच नाही.

सौदा ठरला तरी हीटिंग ताबा देईपर्यंत चालू ठेवा. वर्षअखेरीस बँका, वकील आणि सामान हलवणारे सुट्टीवर असतात, तेव्हा ताब्याची तारीख एक-दोन आठवडे सैल धरा. ताब्याच्या दिवशी सगळे नळ सोडून बघा, मीटरच्या आकड्यांचे फोटो काढा आणि पाण्याची मुख्य झडप कुठे आहे ते नव्या मालकाला हात लावून दाखवा.