निर्वासित नटाच्या परतीवर एकांकिका लिहिताना

ज्यू निर्वासितांवर एकांकिका करायची म्हटली की आपल्याकडच्या महाविद्यालयीन संघांच्या संहितेत लष्करी बुटांचे आवाज, दारावरची थाप आणि शेवटी सुटणारी आगगाडी हे सारे आपोआप येते आणि युवक महोत्सवात त्याला टाळ्याही मिळतात. तरीही या विषयातले खरे नाट्य नट देश सोडतो तेव्हा नव्हे, तर तो परत येतो तेव्हा सुरू होते, असे माझे मत आहे. म्हणून संहितेची बांधणी तिथूनच करावी.

त्यासाठी आधी जर्मन रंगभूमीवरचे नट फ्रिट्झ कोर्टनर यांचे आयुष्य नीट समजून घ्यावे. व्हिएन्नातील ज्यू कुटुंबात १८९२ मध्ये जन्मलेल्या कोर्टनर यांनी बर्लिनमध्ये लिओपोल्ड येसनर यांच्या दिग्दर्शनाखाली १९१९ मध्ये ‘विल्हेल्म टेल’मधला जुलमी गेसलर आणि १९२० मध्ये तिसरा रिचर्ड साकारला व ते आघाडीच्या नटांत गणले जाऊ लागले. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांना जर्मनी सोडावा लागला. काही वर्षे लंडनमध्ये काढून ते अमेरिकेला गेले. ज्याचे सारे भांडवल आवाज आणि भाषा, त्याला परक्या भाषेत भूमिका कोण देणार? कोर्टनर लेखनाकडे वळले. पत्रकार डोरोथी थॉम्पसन यांच्यासोबत त्यांनी लिहिलेले, निर्वासित जर्मन रंगकर्मींवरचे ‘अनदर सन’ हे नाटक १९४० मध्ये न्यूयॉर्कला आले आणि काही दिवसांतच उतरले. पुढे हॉलिवूडमध्ये ‘द हिटलर गँग’ या १९४४ च्या चित्रपटात त्यांच्या वाट्याला नाझी पुढाऱ्याची भूमिका आली. हा उपरोध संहितेत एका संवादापुरताच ठेवावा, कारण तो ताणला की विनोदी होतो.

१९४७ च्या अखेरीस कोर्टनर जर्मनीत परतले. स्वतः लिहिलेल्या आणि स्वतः मुख्य भूमिका केलेल्या ‘डेर रूफ’ या १९४९ च्या चित्रपटात त्यांनी अमेरिकेतून मायदेशी परतलेला ज्यू प्राध्यापक रंगवला, ज्याला विद्यापीठात जुनाच ज्यूद्वेष नव्या सभ्य पोशाखात भेटतो. त्याच वर्षी म्युनिकला आलेल्या ‘डोनाउवेलेन’ या त्यांच्या नाटकात ज्यू मालकाचे केशकर्तनालय नाझी काळात पदरात पाडून घेणारा व्हिएन्नातला न्हावी आहे. १९५० मध्ये बर्लिनला ‘डॉन कार्लोस’ हे नाटक बसवताना त्यांनी रंगमंचावरच्या सैनिकांच्या बंदुका थेट प्रेक्षकांकडे वळवल्या आणि नाट्यगृहात गदारोळ उडाला. या तिन्ही ठिकाणी रोख मागे राहिलेल्या माणसांवर आहे, हे लेखकाने पक्के लक्षात ठेवावे.

आता प्रत्यक्ष लेखनाचे. परतलेल्या नटाला लांबलचक स्वगत देऊ नये. बोलू द्यावे ते समोरच्याला. उदाहरणार्थ, नट दाढी करायला खुर्चीत बसला आहे, चेहरा फेसाने झाकलेला आहे, न्हावी युद्धात आपले किती हाल झाले हे रंगवून सांगतो आहे. मग नट एकच वाक्य बोलतो, तो गाजलेला आवाज ओळखून गळ्याजवळचा वस्तरा क्षणभर थांबतो आणि न्हावी पुन्हा हवापाण्याच्या गप्पा सुरू करतो. न्हाव्याला खलनायक करण्याचा मोह मात्र टाळावा. तो अगत्यशील असावा, चहा मागवणारा असावा आणि दुकानाचा विषय निघताच कागदपत्रे कशी चोख आहेत हे न विचारता सांगणारा असावा.

तालमीपूर्वी नटांना आपल्या गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोलायला पाठवावे. मराठवाड्यात निजामाच्या राजवटीतल्या रझाकारांच्या धास्तीने सरहद्दीपलीकडे गेलेली आणि सप्टेंबर १९४८ नंतर परतलेली कुटुंबे, तसेच पोलीस कारवाईनंतर गाव सोडावे लागलेली मुस्लीम कुटुंबे, या दोन्हींच्या घरांत परतीच्या आठवणी ऐकायला मिळू शकतात. आपले घर, शेत किंवा दुकान दुसऱ्याच्या ताब्यात पाहणे म्हणजे काय, हे नटाला तिथे कळेल. परंतु हे साम्य तालमीतच राहू द्यावे. ज्यूंच्या संहाराला मराठवाड्यातल्या घटनांची जोड देणारे वाक्य संहितेत घातले, तर दोन्ही इतिहासांवर अन्याय होतो आणि चर्चा भलतीकडेच जाते.

पात्रांची मराठी सरळ असावी, जर्मन हेल काढायला लावू नये. नटाचे परकेपण दाखवायचेच असेल, तर अमेरिकेतल्या प्रसंगात त्याला अडखळत, तुटक बोलू द्यावे आणि परतल्यावर त्याच नटाला ओघवती, वजनदार मराठी द्यावी. ज्या मुलांना चाचणीच्या वेळी ‘आधी भाषा सुधारून या’ असे ऐकवले गेले आहे, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

नेपथ्याला एक खुर्ची आणि एक चौकट पुरे. आरशाची काच लावू नये, म्हणजे नटाला प्रेक्षकांकडे पाहत आरशात पाहता येईल आणि प्रकाशाची तिरीपही परावर्तित होणार नाही. जाहीर प्रयोग करणार असाल, तर संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे ती वेळेत पाठवावी आणि प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय तिकिटे छापायला देऊ नयेत.