पुस्तक लिहून छापून होईपर्यंत: या चुका टाळा

संपादक म्हणून माझ्या हाताखालून गेलेल्या पुस्तकांच्या संहितांपैकी ज्या बिघडल्या, त्यांतल्या बहुतेक घाईने बिघडल्या. भाषा बरी होती, विषय चांगला होता, लेखकाचा अभ्यासही होता. पण खर्डा अर्धवट असताना मुखपृष्ठाची चर्चा सुरू झाली, संपादनाआधीच पानं अक्षरजुळणीला गेली, मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रती, वाचून संपायच्या आत प्रकाशनाची तारीख जाहीर झाली. एकदा क्रम उलटला की पुढच्या माणसाने कितीही जीव तोडून काम केलं तरी त्याच्या खुणा छापील पुस्तकात राहतात. त्याच त्या चुका वर्षानुवर्षं पाहून आता त्या लिहून काढते आहे. सगळ्या सारख्या घातक नाहीत, म्हणून काहींवर बरंच बोलेन आणि काही एका ओळीत सोडून देईन.

पहिलं प्रकरण घोटत बसणं

नव्या लेखकाची संहिता आली की मी पहिलं प्रकरण बाजूला ठेवते आणि मधलं कुठलंतरी उघडते. पहिलं प्रकरण बहुधा सुरेखच असतं, कारण ते महिनोन्महिने घोटलेलं असतं. सहाव्या-सातव्या प्रकरणाशी आलं की वाक्यं उसवलेली, प्रसंग उरकलेले, शेवट गुंडाळलेला. लेखकाची सगळी ताकद पहिल्या वीस पानांवर खर्ची पडलेली असते. आणि ही निदान पूर्ण झालेली पुस्तकं. पहिल्या प्रकरणातच अडकून राहिलेली तर माझ्यापर्यंत पोहोचतही नाहीत.

सुरुवात पक्की झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हा समज याच्या मुळाशी आहे. सुरुवात कशी हवी हे शेवट लिहून झाल्यावरच कळतं. कुठलं पात्र मोठं झालं, कुठला मुद्दा गळून पडला, आपल्याला नेमकं काय सांगायचं होतं, हे सगळं लिहिता लिहिताच उलगडतं. त्यामुळे पहिलं प्रकरण शेवटी बदलावंच लागतं. ते आधीच घोटून गुळगुळीत केलेलं असेल तर त्याला हात लावायचा धीर होत नाही, आणि पुस्तकाच्या दारातच एक परकं प्रकरण उभं राहतं.

माझी सवय सांगते. खर्डा लिहिताना मागचं पान उघडायचंच नाही. तारीख आठवत नाही, गावाचं नाव तपासायचं आहे, एखादं वाक्य जमत नाही, अशा प्रत्येक जागी ‘टटट’ असं टाइप करून पुढे जायचं. मराठीत ही अक्षरं अशी सलग येत नाहीत, त्यामुळे नंतर शोध घेतला की अडलेल्या सगळ्या जागा एकामागून एक सापडतात. दिवसाचं काम थांबवताना पुढच्या प्रसंगाच्या दोन-तीन ओळी टिपून ठेवायच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही. मागे काही बदलायचं सुचलं तर ते वेगळ्या वहीत लिहायचं. आणि खर्डा पूर्ण झाला की काही आठवडे तो उघडायचाच नाही. या शेवटच्या सूचनेवर लेखक सर्वांत जास्त कुरकुरतात. पण ताजा मजकूर वाचताना डोळा कागदावरचं वाचतच नाही, मनातलं वाचतो.

महिन्याभरात पुस्तक लिहून देण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ आहेत. महिन्यात खर्डा होऊ शकतो, माझा त्याला विरोध नाही. खर्ड्याचं पुस्तक व्हायला मात्र त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो आणि तो वेळ वाचवायचा मार्ग मला तरी आजवर दिसलेला नाही.

फक्त घरच्यांना वाचायला देणं

ते प्रेमाने वाचतात. तुम्हाला कंटाळून वाचणारा माणूस हवा. त्याला “कसं वाटलं?” असं विचारू नका. “कुठे थांबलास, कुठे पानं उलटलीस?” असं विचारा आणि तो सांगेल तिथे पेन्सिलने खूण करा. समजावून सांगायचा मोह आवरा, कारण छापलेल्या पुस्तकाबरोबर तुम्ही प्रत्येक वाचकाच्या घरी जाणार नाही.

फाँटकडे दुर्लक्ष

युनिकोड म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याची जगभर एकच असलेली पद्धत. देवनागरी लिपी त्यात १९९१ पासून, म्हणजे त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरीही जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या संहिता अजून येतात. त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. फाँट बदलला की मजकुराचा पार कचरा होतो, म्हणून तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. हे रूपांतर बटण दाबून होतं आणि लोकांना वाटतं, झालं काम. ‘दऱ्याखोऱ्या’तला ऱ्या, ‘वाङ्मय’मधला ङ, ‘ॲ’, ‘ऑ’ आणि जोडाक्षरं ही हमखास फसायची ठिकाणं. रूपांतरानंतर ही अक्षरं एकेक शोधून तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही.

‘ॲ’ची आणखी एक गंमत नसलेली अडचण आहे. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या फायलींमध्ये ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहिलेलं असतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण शोध घेताना एक सापडतं आणि दुसरं निसटतं. वीस वर्षांच्या लेखांचा संग्रह करत असाल तर हे आधी एकसारखं करून घ्या.

याच्या जोडीला शब्दांची यादी ठेवा. दोन रूपं चालतात असे शब्द, विशेषनामं, परभाषेतली नावं, अंक अक्षरात की आकड्यात, ‘केलं’ की ‘केले’. जे ठरवाल ते यादीत लिहा आणि शेवटपर्यंत पाळा. संगणकाच्या शुद्धलेखन तपासनिसावर भिस्त ठेवणाऱ्यांना एवढंच सांगते की ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ हे सगळेच शब्द त्याच्या लेखी बरोबर आहेत.

पानं लागल्यावर मजकूर बदलणं

ही चूक मला सर्वांत जास्त छळते, कारण ती नेहमी चांगल्या हेतूने होते.

एक चरित्र माझ्याकडे संपादनाला होतं. लेखकाने त्यावर मनापासून मेहनत घेतली होती. पानं लागली, म्हणजे मजकुराची पानापानांत मांडणी झाली, दोन्ही मुद्रितं वाचून झाली, व्यक्तिनामांची सूची तयार झाली. पुस्तक बरोबर २४० पानांचं, म्हणजे सोळा पानी पंधरा फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गट म्हणजे फॉर्म). सगळं जुळलेलं. छपाईला फाइल जायच्या आदल्या दिवशी लेखकाला एक जुनी आठवण सापडली आणि ती चौथ्या प्रकरणात हवीच असं त्याला वाटलं. मला न कळवता त्याने मजकूर थेट मांडणी करणाऱ्याला पाठवला. मजकूर दीड पानाचा, पण प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू होत असल्यामुळे पुढची सगळी प्रकरणं दोन पानांनी सरकली. एकूण पानं २४२ झाली आणि फॉर्म मोडला. मांडणी करणाऱ्याने नवव्या प्रकरणातल्या ओळींमधलं अंतर किंचित कमी करून ती दोन पानं परत काढली. पुस्तक पुन्हा २४० पानांचं झालं.

म्हणजे काय झालं पाहा. पहिल्या तीन प्रकरणांतले सूचीचे पानक्रमांक बरोबर. दहाव्यापासून पुढचे बरोबर. मधलेच चुकलेले. छापखान्यात कुणीतरी सूचीतली चार नावं पडताळून पाहिली, ती नेमकी सुरुवातीची आणि शेवटची निघाली. एकूण पानं तेवढीच, अनुक्रमणिकेवर नजर टाकायचं कुणाला सुचलं नाही. पुस्तक छापून आलं. आपल्या वडिलांचं नाव सूचीत पाहून एका वाचकाने ते पान उघडलं, तर तिथे दुसराच प्रसंग. त्याहून वाईट म्हणजे नव्या मजकुराचं मुद्रित कुणी वाचलंच नव्हतं. त्यात एका व्यक्तीच्या मृत्यूचं साल दिलं होतं आणि अकराव्या प्रकरणात तिचंच वेगळं साल होतं. शेवटी प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवावं लागलं. लेखकाची कित्येक वर्षांची मेहनत, आणि पुस्तक हातात घेताच आधी दिसायचं ते शुद्धिपत्र. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

तेव्हापासून माझा नियम कडक आहे. पानं लागल्यावर फक्त चूक दुरुस्त करायची, सुधारणा करायची नाही. एखादी ओळ बदलावीच लागली तर त्याच परिच्छेदात तेवढीच अक्षरं काढून जागा भरून घ्यायची. नवी आठवण, नवा दाखला, नवी कृतज्ञता, हे सगळं पुढच्या आवृत्तीच्या फाइलमध्ये. सूची आणि अनुक्रमणिकेचे आकडे सर्वांत शेवटी, गोठवलेल्या पानांवरून टाकायचे आणि प्रत्येक प्रकरणातली किमान दोन नावं पडताळायची. बदल कुणीही सांगितला तरी तो एकाच माणसाच्या हातून जायचा.

शेवटचं मुद्रित कागदावरच वाचायचं. पडद्यावर वाचलेलं मी वाचलेलं धरत नाही. मी ते तीनदा वेगवेगळ्या कामासाठी चाळते. एकदा मजकूर, मोठ्याने. एकदा फक्त शीर्षकं, पानक्रमांक, पानाच्या माथ्यावरची प्रकरणांची नावं आणि चित्रांखालच्या ओळी. एकदा फक्त मुखपृष्ठ, पाठराखण (मागच्या बाजूचा मजकूर), अर्पणपत्रिका आणि श्रेयाचं पान. मोठ्या टाइपातल्या चुका सर्वांत जास्त निसटतात, कारण तिथे चूक असेल असं कुणाला वाटतच नाही.

बाकीच्या, थोडक्यात

मुखपृष्ठासाठी मोबाइलवर आलेलं चित्र देणं. छपाईला प्रत्यक्ष आकारात ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचात ३०० ठिपके, लागतात आणि कडेने साधारण ३ मिलिमीटर जादा चित्र सोडावं लागतं, नाहीतर कापताना पांढरी रेघ उरते. कण्याची जाडी कागद आणि पानसंख्या ठरल्यावरच मोजता येते, म्हणून पूर्ण मुखपृष्ठ त्याआधी पक्कं करू नका.

छापील आणि ई-पुस्तक दोन्हींना एकच आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लावणं. प्रत्येक स्वरूपाला वेगळा क्रमांक हवा. २००७ पासून तो तेरा अंकी आहे, तेव्हा जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना दहा अंकी क्रमांक उचलून छापू नका.

“चार ओळी घेतल्या तर चालतात” या भरवशावर कवितेच्या ओळी प्रकरणाच्या माथ्यावर टाकणं. अमुक ओळींपर्यंत मोकळीक असा नियम नाही, परवानगी विचारा. पत्रांचंही तसंच. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा असतो, पण मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे राहतो. चरित्रकारांनी हे लक्षात ठेवायलाच हवं. तुमच्या स्वतःच्या लेखनावरचा हक्क मात्र लिहिल्याक्षणी तुमचा होतो. लेखनहक्कांविषयीच्या १८८६ च्या बर्न कराराच्या सदस्यदेशांत त्यासाठी नोंदणीची अट नाही, म्हणून कुणी चोरेल या धास्तीने संहिता कुणाला दाखवायचीच नाही असं करू नका.

करार न वाचता सही करणं. छापील, ई-पुस्तक, श्राव्य, अनुवाद, चित्रपट, प्रत्येक हक्काचा वेगळा उल्लेख आणि मुदत मागा. रॉयल्टी छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या हाती प्रत्यक्ष येणाऱ्या रकमेवर, हे स्पष्ट करून घ्या, दोन्हींत मोठा फरक पडतो. पुस्तक बाजारात संपल्यावर हक्क परत कसे मिळतील हेही लिहून घ्या. स्वतः पैसे घालून छापत असाल तर अवश्य छापा, त्यात कमीपणा नाही. पण संपादन, मुद्रितशोधन, मांडणी, छपाई आणि वितरण यांतलं कोण काय करणार हे कागदावर नसेल तर पैसे देऊ नका. वितरण हा शब्द लोक फार सैल वापरतात. पुस्तक नेमकं कुठे आणि किती प्रतींनी पोहोचणार ते विचारा.

पहिल्या प्रती आल्या की आनंदाने वाटत सुटण्याआधी वेगवेगळ्या गठ्ठ्यांतल्या चार-पाच काढा आणि पान न पान उलटा. बांधणीत एखादा फॉर्म दोनदा लागलेला किंवा गळलेला असू शकतो, आणि तसा निघाला तर छापखान्याला लगेच कळवता येतं. त्याच वेळी छापलेल्या नेमक्या पानांची फाइल मागून घ्या, छपाईची आणि मांडणीची अशा दोन्ही. पुढच्या आवृत्तीच्या वेळी जुना खर्डा हाती लागतो आणि दुरुस्त केलेल्या सगळ्या चुका पुन्हा छापल्या जातात, हे मी एकापेक्षा जास्त पुस्तकांच्या बाबतीत पाहिलं आहे.