जुन्या टीव्ही अँटेनाच्या नळ्यांपासून एफएम रेडिओचा अँटेना कसा बनवावा

नागपुरातील अनेक जुन्या घरांच्या गच्चीवर दूरदर्शनच्या काळातील ॲल्युमिनियमचा अँटेना अजूनही उभा आहे. विविध भारती खरखरीशिवाय ऐकायची असेल, तर त्याच्या नळ्या फार उपयोगी पडतात. तो आहे तसा रेडिओला जोडून मात्र चालत नाही, कारण तो दूरचित्रवाणीच्या वेगळ्या वारंवारतेसाठी कापलेला असतो आणि अँटेनात लांबीलाच सर्वाधिक महत्त्व असते.

म्हणून आधी माप काढावे. १४२५० या आकड्याला स्टेशनच्या मेगाहर्ट्झने भागले की अर्ध्या तरंगलांबीच्या अँटेनाची लांबी सेंटिमीटरमध्ये मिळते. विविध भारतीचे नागपूर केंद्र १००.६ मेगाहर्ट्झवर असल्यामुळे ही लांबी सुमारे १४२ सेंटिमीटर येते. म्हणजे ७० सेंटिमीटरच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामध्ये दोन सेंटिमीटरची फट. सगळीच एफएम स्टेशने ऐकायची असतील, तर एकूण लांबी १४५ सेंटिमीटर ठेवावी. आकाशवाणी नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्झवरील मध्यम लहरींसाठी हा अँटेना नाही.

दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या नळ्या मापाने कापून त्या जाड प्लास्टिकच्या किंवा ॲक्रिलिकच्या पट्टीवर एका रेषेत बसवाव्यात. लाकूड पावसात ओल धरते, म्हणून ते टाळावे. नळ्यांची फटीकडील टोके पॉलिश कागदाने चकचकीत होईपर्यंत घासावीत आणि प्रत्येक टोकाला भोक पाडून स्टेनलेस स्टीलचा स्क्रू लावावा.

आता वायरिंग. केबल टीव्हीसाठी वापरतात ती ७५ ओहमची आरजी-६ केबल घ्यावी; या अँटेनाचा रोधही साधारण ७३ ओहम असल्याने मध्ये रोध जुळवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. केबलचे वरचे आवरण चार सेंटिमीटर सोलून आतील बारीक तारांची जाळी मागे सारावी व पिळून तिची एक दोरी करावी. ही जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि तिला साधे सोल्डर धरत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे तिला थिंबल, म्हणजे तारेच्या टोकावर बसवायची धातूची टोपी, दाबून बसवावे. मधल्या तारेलाही थिंबल लावून ती एका नळीच्या स्क्रूला आणि जाळी दुसऱ्या नळीच्या स्क्रूला घट्ट आवळावी. जाळीचा एखादा केसभर धागाही मधल्या तारेला चिकटला, तर सिग्नल तिथेच संपतो. मल्टिमीटरवर मधली तार आणि जाळी यांच्यात संपर्क दिसता कामा नये.

जोडाच्या लगेच खाली केबलचे सहा-सात वेढे, सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाचे, एकत्र बांधून ठेवावेत. त्यामुळे केबल स्वतःच अँटेनासारखी वागत नाही आणि घरातील इन्व्हर्टर किंवा एलईडी दिव्यांची खरखर कमी होते. जोडावर रबरी स्वयंचिकट टेप गुंडाळावी. साध्या पीव्हीसी टेपचा डिंक नागपूरच्या मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हात वितळतो आणि पहिल्याच पावसात पाणी आत शिरते.

अँटेना पाण्याच्या टाकीपासून, लोखंडी जाळीपासून आणि पत्र्यांपासून निदान दोन मीटर दूर उभारावा. आडवा ठेवल्यास तो टोकांच्या दिशेने जवळपास काहीच पकडत नाही आणि दोन्ही कुशींकडून सर्वाधिक पकडतो. तेव्हा एकाने खाली रेडिओ ऐकत राहावे आणि दुसऱ्याने वर अँटेना हळूहळू फिरवावा. उभा धरूनही एकदा ऐकून पाहावे. काही घरांत तसाच आवाज अधिक स्वच्छ येतो.

विजेच्या तारांबाबत मात्र अजिबात सवलत घेऊ नये. नागपुरातील महाल भागासारख्या दाट वस्तीत तारा गच्चीच्या कठड्याजवळूनही जाऊ शकतात. खांब कोसळला तरी तारेला शिवणार नाही इतके अंतर नसेल, तर अँटेना खिडकीच्या आतच टांगावा. धातूचा खांब जाड तारेने अर्थिंगला जोडावा आणि पावसाळ्यापूर्वीच्या वादळांत आकाश गडगडण्याआधीच केबल रेडिओपासून काढून ठेवावी.

खाली म्युझिक सिस्टिमला ७५ ओहमचे सॉकेट असेल, तर केबल थेट तिथे जोडावी. लहान ट्रान्झिस्टरला असे सॉकेट नसते. त्याच्या अँटेनाच्या दांडीला मधली तार चिमट्याने लावून आवाज कसा येतो ते पाहावे. प्रक्षेपण मनोरा अगदी जवळ असल्यास एकाच वेळी दोन स्टेशने मिसळून ऐकू येतात, अशा वेळी चिमटा दांडीपासून काढून केबलचे टोक नुसते दांडीजवळ ठेवावे.