ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे तपासा
ठाण्याची खाडी ओलांडून मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे उतरताना घरच्या संगणकावरचा फ्लाइट सिम्युलेटर अडखळू लागला, की बहुतेक जण थेट नवे ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघतात. त्याआधी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये डेव्हलपर मोड सुरू करून एफपीएसची, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांची संख्या दाखवणारी, चौकट उघडावी आणि विमान वाशीच्या दाट वस्तीवर असतानाच ती वाचावी.

१. ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ दिसल्यास ताण प्रोसेसरवर आहे; महागड्या कार्डानेही फारसा फरक पडणार नाही. ‘टेरेन लेव्हल ऑफ डिटेल’ (भूभाग किती बारकाईने दिसावा हे ठरवणारी सेटिंग) टप्प्याटप्प्याने कमी करावे. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते.
२. ‘लिमिटेड बाय जीपीयू’ दिसल्यास ताण ग्राफिक्स कार्डावर आहे; तेव्हा मात्र नव्या कार्डाचा विचार करावा.

पॉवर सप्लायची वॅट क्षमता आणि कॅबिनेटमधील मोकळी जागा पाहिल्याशिवाय कार्डाचे पैसे देऊ नयेत.