‘सेंट अँगर’चा टणटणाट कसा कमी करावा

मेटालिका या अमेरिकन मेटल बँडचा २००३ चा हा अल्बम लावला की आधी कानात घुसतो तो स्नेअर ड्रम, रिकाम्या पिंपावर काठी हाणावी तसा. ड्रमखालच्या तारा सुटलेल्या, म्हणून ‘छन्न’ गेलं नि ‘टण्ण’ उरलं.

आवाज आधी बारीक करा. इक्वलायझरमध्ये फ्रिक्वेन्सीचा अगदी अरुंद पट्टा १० डेसिबल वर चढवून साधारण ४०० ते १,००० हर्ट्झमध्ये हळूहळू सरकवा. टणटण असह्य होईल तिथे थांबा आणि तोच पट्टा ४ ते ६ डेसिबल खाली आणा. पट्टा रुंद ठेवलात तर गिटार पोकळ वाजते.

गिटारिस्ट कर्क हॅमेटचे सोलोच (एकट्या गिटारचे तुकडे) नाहीत, त्यावर मात्र इलाज नाही. हेच जास्त सलतं. ७५ मिनिटं सलग ऐकू नका, दोन-तीन गाणी घ्या.